पडद्यावरचा टेलमान

१९१८ सालचा नोव्हेंबर महिना. पश्चिम आघाडीवर जर्मनीतील क्रांतीची वार्ता पोहोचते आणि एकेकाळी हांबुर्गच्या गोदीत राबलेला आणि पुढे जर्मन कम्युनिस्ट पक्षाचा नेता झालेला एर्न्स्ट टेलमान नावाचा सैनिक आपल्या सोबत्यांना बंदुका खाली ठेवायला सांगतो. पूर्व जर्मनीच्या ‘डेफा’ या सरकारी संस्थेने कुर्ट मेट्सिग यांच्या दिग्दर्शनाखाली काढलेला दोन भागांचा रंगीत चरित्रपट असा सुरू होतो. १९५४ आणि १९५५ मध्ये हे भाग प्रदर्शित झाले आणि शाळकरी मुलांना, कामगारांना ते जथ्याजथ्याने दाखवले गेले.

पहिल्या भागाचा कळस म्हणजे ऑक्टोबर १९२३ मधील हांबुर्गचा उठाव. देशभर एकाच वेळी उठण्याचा बेत कम्युनिस्ट पक्षाने ऐन वेळी सोडून दिला होता, तरी हांबुर्गमध्ये ठिणगी पडलीच. शस्त्रे अपुरी असल्यामुळे कामगारांनी पहाटे पोलीस ठाण्यांवरच छापे घालून बंदुका मिळवल्या, बार्मबेक भागात रस्ते अडवले आणि बाकीचा देश जागचा हलला नाही म्हणून दोन-तीन दिवसांत त्यांना माघार घ्यावी लागली. पडद्यावर मात्र या फसलेल्या बेतापेक्षा नायकाची निश्चल मुद्राच अधिक भरून राहते. ग्युंटर सिमोन गुणी नट खरे, पण पटकथेने त्यांच्या टेलमानला कधी चुकूच दिलेले नाही. प्रेम आणि विरह फीटे व एन्ने या कल्पित जोडप्याच्या पदरात टाकून ती मोकळी झाली आहे.

खरे टेलमान चुकत होते. १९२८ मध्ये एका निकटच्या सहकाऱ्याने पक्षनिधीत केलेली अफरातफर त्यांनी झाकली, तेव्हा मध्यवर्ती समितीने त्यांना दूर सारले आणि स्टालिनच्या शब्दाखातर ते पुन्हा पदावर आले. कामगारांच्याच दुसऱ्या पक्षातील समाजवादी लोकशाहीवाद्यांना ‘सोशल फॅसिस्ट’, म्हणजे समाजवादाच्या बुरख्यातले फॅसिस्ट, ठरवणारी भूमिका त्यांच्याच पक्षाची होती. चित्रपटात मात्र कामगारांतील फुटीचे खापर समाजवादी पुढाऱ्यांच्याच माथी फोडले आहे.

मार्च १९३३ मध्ये बर्लिनला अटक झाल्यानंतर टेलमान अकरा वर्षांहून अधिक काळ खटल्याविना कोठडीत होते. ऑगस्ट १९४४ मध्ये बुखेनवाल्डच्या छळछावणीत त्यांना गोळ्या घालण्यात आल्या आणि ते विमानहल्ल्यात दगावले, असे नाझी वृत्तपत्रांनी छापले. चित्रपटातील टेलमान ताठ मानेने चालत मृत्यूला सामोरे जातात आणि मागे सारा पडदा लाल झेंड्याने व्यापून जातो. पुढे मॉस्कोतच स्टालिनच्या नावाला उतरती कळा लागली, तेव्हा या चित्रपटातील स्टालिनला कात्री लावण्यात आली. टेलमान यांची मुद्रा होती तशीच राहिली.