टेकडीवरचं पातं

(सकाळ. वाळलेलं गवत, मागे खाडी. कॅमेरा जमिनीलगत.)

आधी हा हात बघा. माझ्या लेकीचा. ती तिसरीत आहे. तळहातावर मधाच्या रंगाचा एक तुकडा आहे, तिच्या करंगळीच्या पेराएवढा. उन्हासमोर धरला की कडेनं उजेड आरपार येतो.

ही टेकडी ठाण्यातली, घोडबंदर रस्त्याच्या बाजूची. नेमकी कुठली, ते मुद्दामच सांगत नाही. रविवारी डबा घेऊन आम्ही इथे यायचो, पोरं पतंग उडवायची. एकदा आईनं, म्हणजे लेकीच्या आजीनं, बसल्या जागेवरून एक खडा उचलला आणि म्हणाली, "अगं बाळे, ही तर चकमकीची गार!" आईच्या आजोबांच्या चंचीत पोलादाचा तुकडा, गार आणि सावरीचा कापूस असायचा. गारेवर पोलाद ओढलं की ठिणगी कापसावर पडायची आणि त्यावर विडी पेटायची. गार आईच्या ओळखीची होती. धार मात्र नव्हती. या खड्याला ब्लेडसारखी सरळ धार होती.

(काळा कातळ. कातळात अडकलेली पांढरी गारगोटी.)

आपला काळा दगड म्हणजे थंड झालेला लाव्हा, साधारण ६.५ कोटी वर्षांपूर्वीचा. त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि पोकळ्या राहिल्या. पाझरणाऱ्या पाण्यातली सिलिका त्या पोकळ्यांत साचत गेली. तीच ही गारगोटी. तिला कॅल्सेडनी म्हणतात, पट्टेदार असली की अकीक. कातळ झिजून माती होतो, गारगोटी मात्र तशीच राहते आणि पावसानं उघडी पडते. दगडी हत्यारांसाठी इंग्लंडमध्ये खडूच्या कातळातला फ्लिंट नावाचा दगड वापरला, तर आपल्याकडे माणसानं ही गारगोटी वापरली.

(गाभ्याचा क्लोजअप. शेजारी एक रुपयाचं नाणं.)

इथे जरा थांबू या. याला गाभा म्हणतात, म्हणजे दगडी पाती काढून उरलेला दगड. उभ्या खाचा मोजा, मी सात मोजल्या. प्रत्येक खाचेतून एक पातं निघालेलं आहे.

कारागीर आधी गारगोटीचं डोकं एका फटक्यात उडवायचा, म्हणजे सपाट माथा मिळायचा. मग माथ्याच्या अगदी कडेला शिंगाचं किंवा हाडाचं टोक टेकवून दाब द्यायचा, नाहीतर त्यावर बेतानं ठोका घालायचा. कांद्याच्या पातीसारखं लांब, पातळ पातं सुटून यायचं आणि मागे एक खाच राहायची. त्या खाचेमुळे दगडावर उभा कंगोरा तयार होतो. पुढचं पातं त्याच कंगोऱ्याच्या आधारानं निघतं, म्हणून तेही सरळच. ठोक्याचा कोन थोडा जरी चुकला, तरी पातं अर्ध्यात मोडतं. अशी मोडलेली पाती या उतारावर भरपूर आहेत, आणि मला तीच जास्त आवडतात. चुकलेला हात त्यांत दिसतो.

आता पात्याचं पोट बघा. वरच्या टोकाशी छोटा फुगवटा आहे. ठोका बसला तो इथे. तिथून दगडात लाट गेली, तिच्या वळ्या शिंपल्यावरच्या रेषांसारख्या उमटल्यात. उन्हानं तडकलेल्या गारगोटीला असा फुगवटा नसतो. ओढ्यात आपटून एखादा तुकडा असा फुटूही शकतो, म्हणून एकट्या तुकड्यावरून आम्ही काहीच ठरवत नाही. गाभा, पाती आणि बारीक टवके एकाच ठिकाणी मिळाले, की तिथे कुणीतरी बसून काम केलंय असं म्हणता येतं.

(चंद्रकोरीच्या आकाराचं पातं, बोटांच्या चिमटीत.)

ही चंद्रकोर आईला सापडली. आतली कड धारदार आहे, पाठ मात्र बारीक टवके काढून मुद्दाम बोथट केलेली. बोथट पाठ लाकडाच्या खाचेत डिंकानं बसवायची. अशी चार-पाच ओळीनं लावली की कापायचं हत्यार तयार. एक तुटलं तर तेवढंच बदलायचं.

(ड्रोन. टेकडी, खाडी, पलीकडे इमारती.)

ठाणे साष्टी बेटावर आहे. याच बेटाच्या पश्चिम बाजूला, कांदिवलीकडे, नौदलातले अधिकारी के. आर. यू. टॉड यांनी १९३०च्या दशकात दगडी हत्यारं शोधली. मुंबई परिसरातल्या या सूक्ष्मास्त्रांवरचा त्यांचा लेख १९५० मध्ये छापून आला. सूक्ष्मास्त्रं म्हणजे हीच, चिमटीत मावणारी हत्यारं. अशी हत्यारं १० हजार वर्षांपूर्वीही वापरात होती. तेव्हा समुद्र आजच्यापेक्षा बराच खाली होता, त्यामुळे इथून ही खाडी अशी दिसली नसती.

पण आमचं पातं तितकं जुनं आहे का? नुसतं पातं पाहून ते सांगता येत नाही. पुणे जिल्ह्यात इनामगावला, सुमारे ३ हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या वस्तीतही गारगोटीची पाती मिळाली आहेत. वय कळतं ते पातं कुठल्या थरात होतं आणि शेजारी काय होतं, यावरून. खिशात घालून घरी नेलं की ती खूण कायमची गेली. शोकेसमध्ये ठेवलेलं पातं हा नुसता सुंदर खडा असतो.

(वही. पेन्सिलीनं काढलेला टेकडीचा नकाशा.)

म्हणून ही वही. शेजारी नाणं ठेवून फोटो, फोनवरून जागेची नोंद, तोंड कुठल्या दिशेला होतं ते, आणि मग पातं होतं तिथेच परत. उकरायचं नाही, काठीनंसुद्धा नाही. येऊरच्या बाजूला राष्ट्रीय उद्यान आहे, तिथून तर काहीच उचलायचं नाही. ही वही आम्ही पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना दाखवणार आहोत. तुम्हाला असं काही दिसलं तर तुम्हीही एक वही घाला, दोनशे पानी पुरते.

(उताराची कापलेली बाजू. लाल मुरूम. जेसीबीच्या दातांच्या खुणा.)

ही बाजू गेल्या पावसाळ्याआधी मुरुमासाठी कापली. आमच्या अकरा नोंदी इथल्या होत्या.

(पुन्हा लेकीचा हात. ती वाकते, गवत बाजूला करते, मधाच्या रंगाचं पातं मातीवर ठेवते. थोडं फिरवते. निवेदन नाही. मग फक्त तिचा आवाज.)

"आजी, लिही. नोंद त्रेसष्ट. पातं, टोक मोडलेलं. तोंड खाडीकडे."