लीडलेस पेसमेकर : सोडण्याआधी दोन बाजूंनी पाहणं

पेसमेकर म्हटलं की खांद्याखाली कातडीच्या आत बसवलेली डबी आणि तिथून शिरेतून हृदयात उतरलेली तार, असंच चित्र डोळ्यांसमोर येतं. १९५८ साली स्वीडनमध्ये आर्ने लार्सन यांच्या शरीरात पहिला पेसमेकर बसवला गेला. तेव्हापासून या उपचाराची बरीचशी दुखणी त्या तारेची आणि त्या डबीच्या खिशाचीच राहिली आहेत : तार तुटते, सरकते, खिशात जंतुसंसर्ग होतो. डायलिसिसवरच्या माणसाला तर छातीतल्या, हातातल्या शिरा जपून ठेवायच्या असतात. म्हणून तारच नको, असा विचार झाला. मायक्रा नावाचा असा लीडलेस, म्हणजे बिनतारेचा, पेसमेकर अमेरिकेत एप्रिल २०१६ मध्ये मंजूर झाला. लांबी जेमतेम २६ मिलिमीटर, वजन दोन ग्रॅमच्या आसपास.

तो मांडीच्या शिरेतून, जाड नळीतून वर नेतात आणि हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्यात सोडतात. टोकाला निटिनॉल या लवचिक मिश्रधातूचे हुकासारखे चार आकडे असतात, ते स्नायूत रुततात. प्रश्न एकच : कुठे रुतवायचे? या कप्प्याची एक बाजू म्हणजे डाव्या कप्प्याशी सामाईक असलेला जाड पडदा. दुसरी म्हणजे बाहेरची मोकळी भिंत, तीन ते पाच मिलिमीटरची. हवा असतो तो पडदा. मोकळ्या भिंतीला किंवा अगदी टोकाला दाब बसला, तर छिद्र पडून रक्त हृदयाभोवतीच्या पिशवीत साचू शकतं.

आणि कॅथ लॅबमधला, म्हणजे हृदयात नळी घालून उपचार करतात त्या खोलीतला, एक्स-रे आपल्याला सावली दाखवतो. भिंतीवर पडलेल्या हाताच्या सावलीवरून बोट आपल्याकडे वळलंय की पलीकडे, हे सांगता येतं का? तसंच इथे. उजवीकडून तिरकं पाहिलं तर यंत्र कप्प्यात किती खोल गेलंय ते छान कळतं, पण पडदा आणि मोकळी भिंत एकमेकांवर येतात. डावीकडून तिरकं पाहिलं की त्या वेगळ्या होतात. टोक पाठीच्या कण्याच्या बाजूला वळलेलं दिसलं, तर ते पडद्याकडे आहे. फक्त पहिल्या चित्रावर समाधान मानणं मला धोक्याचं वाटतं, कितीही अनुभवी हात असला तरी. त्यानंतर नळीतून थोडा डाय, म्हणजे एक्स-रेत उठून दिसणारं द्रव्य, सोडतात. स्नायूंच्या जाळ्यात टोक कुठे टेकलंय, त्याची रेघ मॉनिटरवर उमटते.

यंत्र सोडलं तरी ते अजून दोऱ्याने बांधलेलं असतं. आता चित्र मोठं करून, हलकेच ओढून पाहायचं. चारांपैकी निदान दोन आकडे वाकताना दिसले पाहिजेत. म्हणजे ते स्नायूत पक्के आहेत. विजेची मोजमापंही जुळली पाहिजेत. नाही जुळली, तर परत नळीत घ्यायचं आणि जागा बदलायची. दोरा कापल्यानंतर ही सोय इतकी सहज राहत नाही, म्हणून दोरा कापण्याची घाई नको.

मूत्रपिंड कमजोर असलेल्या रुग्णात डाय जपून वापरावा लागतो. तिथे इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, आधार मोठा. छातीवरून, अन्ननलिकेतून किंवा शिरेतून थेट हृदयात नेलेल्या छोट्या प्रोबने पाहिलं की पडदा, झडपेच्या दोऱ्या आणि यंत्राचं टोक एकाच वेळी, हलतं हृदय चालू असताना दिसतं. पिशवीत रक्त साचू लागलं तर तेही लवकर कळतं. माझं मत असं, की वय फार झालेल्या, किरकोळ अंगाच्या स्त्रियांमध्ये इको हाताशी तयार असलाच पाहिजे, कारण छिद्राचा धोका त्यांच्यात जास्त.

अमेरिकेच्या औषध नियामकांनी नोव्हेंबर २०२१ मध्ये डॉक्टरांना पत्र लिहून हेच बजावलं : छिद्र पडण्याचं प्रमाण तारेच्या पेसमेकरइतकंच असलं, तरी पडल्यावरचे परिणाम अधिक गंभीर दिसतात. तेव्हा घरच्या कुणासाठी हा पेसमेकर सुचवला गेला, तर डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा : इको जवळ असेल का, आणि गरज पडली तर हृदयाचे सर्जन त्याच रुग्णालयात आहेत का?