लांबचा डबा

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या घरी दिवाळीचं तळण नवरात्रातच सुरू होतं. आज घट बसले की उद्या कढई चढते. गल्लीत नव्यानं राहायला आलेली एखादी विचारते, "वहिनी, एवढ्या लवकर?" मग जुन्यांपैकी कुणीतरी तिला परस्पर सांगून टाकते, "त्यांचा डबा लांबचा आहे."

लांबचा डबा हा आमच्या गल्लीतलाच शब्द. पुण्या-मुंबईला मुलांना जातो तो नुसता डबा. सीमेवरच्या माणसाला जातो तो लांबचा. १९८७ सालापासून मी तो भरते आहे. आधी यजमानांसाठी, ते मराठा लाइट इन्फंट्रीत होते. आता धाकट्यासाठी, तो तोफखान्यात आहे.

पहिला डबा कसा फसला ते आधी सांगते. लग्नानंतरची पहिली दिवाळी होती. माहेरी दिवाळसणाची तयारी झालेली, आणि जावईच नाहीत. ते कुठं आहेत हेही माहीत नाही, कारण पत्रात जागेचं नाव लिहायची सोय नव्हती. "इकडे थंडी आहे" एवढंच यायचं. आई म्हणाली, "येत नाहीत तर नाही, दिवाळसण पोस्टानं करू." आणि तिनं जावयाला साजेसा फराळ केला. ओल्या नारळाचे रव्याचे लाडू, करंज्या, चकल्या, वर तुपाची एक बाटली. सगळं बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात बसवलं, मांजरपाटाच्या तुकड्यात घालून दाभणानं शिवलं, शिवणीवर लाखेचे ठिपके दिले. माझं पत्र सगळ्यात वर ठेवलं होतं.

हे सुट्टीवर आले ते थेट फाल्गुनात. डब्याचं विचारलं तर नुसते हसले. लाडवांना वाटेतच बुरशी आली होती. चकलीचा भुगा झाला होता, तो त्यांनी चमच्यानं चहाबरोबर खाल्ला. तुपाची बाटली फुटली नव्हती, पण बुचातून तूप झिरपत झिरपत पत्रापर्यंत पोचलं होतं. कागद तुपानं पारदर्शक झालेला. मी पाठपोट लिहिलं होतं, त्यामुळे पुढची ओळ आणि मागची ओळ एकमेकींत मिसळून गेलेली. ते पत्र त्यांनी कंदिलासमोर धरून, एकदा सुलटं आणि एकदा उलटं करून वाचलं म्हणे. अजून आहे ते आमच्या काळ्या ट्रंकेत. आता त्याला खवट वास येतो, पण टाकवत नाही.

त्या डब्यावरचा पत्ता बघून आई चक्रावली होती. नंबर, हुद्दा, नाव, पलटण आणि खाली मार्फत ५६ ए.पी.ओ., म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस. "हे छप्पन गाव कुठं आलं गं?" छप्पन हे गाव नाही. सैन्याच्या डाकेचे असे दोन मोठे आकडे आहेत, ५६ आणि ९९. छप्पनची डाक दिल्लीच्या तळावर जमा होते, नव्व्याण्णवची कोलकात्याच्या. कुठली पलटण आज कुठं आहे हे तिथल्या लोकांना ठाऊक असतं. पलटण हलली तरी पत्ता तोच राहतो, आणि पत्ता वाचणाऱ्याला जागा कळत नाही. तिथून पिशव्या विमानानं, ट्रकनं फील्ड पोस्ट ऑफिसला जातात. तिथून पलटणीचा माणूस डाक उचलतो, आणि ती रेशनच्या गाडीतून किंवा कुणाच्या तरी पाठीवरून वर चौकीत पोचते.

हे काम करणारं आर्मी पोस्टल सर्व्हिस कोअर १ मार्च १९७२ पासून स्वतंत्र आहे. त्यांचं प्रशिक्षण केंद्र आपल्याच महाराष्ट्रात, नागपूरजवळ कामठीला. त्यातले बरेच जण आपल्या साध्या टपाल खात्यातून गेलेले असतात. काल गावात मनिऑर्डर वाटणारा माणूस आज गणवेशात बर्फातली डाक लावत असतो. त्यांचं चिन्ह हंस, आणि ब्रीद 'मेल मिलाप'. दमयंतीच्या गोष्टीत निरोप घेऊन हंसच जातो, त्यामुळे मला ते चिन्ह फार आवडतं.

इथं एक कानपिचकी. हल्ली डबा शिवून झाला की त्याचा फोटो ग्रुपवर पडतो, पत्त्यासकट. मुलाचा नंबर, पलटण, सगळं चार गावं वाचतात. जो पत्ता मुद्दाम असा बांधलाय, तो आपणच चव्हाट्यावर मांडायचा? फोटो लाडवांचा काढा की.

यजमान त्या वेळी होते ते सियाचेनकडे, हे मला ते परत आल्यावर कळलं. १३ एप्रिल १९८४ ला आपलं सैन्य तिथं चढलं, तेव्हापासून तिथं आपली माणसं बारा महिने आहेत. वरच्या चौक्यांना जे जातं ते बहुतेक हेलिकॉप्टरनं. तेही हवा उघडली तर. इतक्या उंचीवर ते यंत्र वजन फार थोडं उचलतं. रॉकेल आधी, औषध आधी, रेशन आधी, मग डाक. म्हणजे तुमच्या डब्यातला प्रत्येक लाडू कशाच्या तरी रांगेत उभा असतो. हे कळल्यापासून मी पत्र्याचा डबा सोडला. तो रिकामाच जड असतो.

आणि भूक! हे सांगायचे, तिथं भूकच मरते. पाणी कमी उष्णतेवर उकळतं, त्यामुळे कुकरशिवाय डाळ शिजत नाही. डबाबंद जेवणाचा कंटाळा येतो. अंडं आणि बटाटा दगडासारखे होतात. अशा वेळी जिभेला हवं असतं तिखट, आंबट, नाहीतर अगदी गोड. त्यामुळे बासुंदीची पावडर वगैरे थाट नको. लसणाची सुकी चटणी द्या, मेतकूट द्या, शेंगदाण्याची चिक्की द्या.

माझ्या हाताला आता जे बसलंय ते सांगते, वाटलं तर घ्या. बेसन जाडसर दळून आणायचं, मंद आचेवर तुपात खमंग भाजायचं, आणि रवाळ व्हावं म्हणून दुधाचा हबका मारतात तो मारायचा नाही. दूध गेलं की लाडवाचं आयुष्य गेलं. ओलं खोबरं तर कशातच नाही. चिवड्यात सुक्या खोबऱ्याचे काप दिसायला छान दिसतात, पण महिन्याभरात खवट होतात, ते गाळायचे. डाळं आणि शेंगदाणे वाढवायचे. चकली पाठवायची नाही, पाठवायचीच असेल तर कडबोळी. गोल, जाड, धक्का सोसणारी. शंकरपाळे तर सैनिकी फराळच, कुठंही पडोत, काही होत नाही. आणि चिवड्याची पिशवी बंद करताना आतली हवा दाबून काढायची. हे मला मुलानं शिकवलं. वर हवा विरळ, त्यामुळे आपण इथं गच्च बंद केलेली पिशवी तिथं उशीसारखी फुगते. एकदा एक पिशवी बंकरमध्ये रात्री फट्दिशी फुटली. "आई, तुझ्या चिवड्यानं सगळी चौकी जागी केली," असा फोन.

स्वेटर-मोजे विणून पाठवू का, असं पुष्कळजणी विचारतात. बर्फातले कपडे सरकार देतं आणि ते आपल्या विणकामापेक्षा उजवे असतात. त्यापेक्षा व्हॅसलीन, नखं कापायचं यंत्र, सुई-दोरा, पत्त्यांचा जोड. आणि एक दिवाळी अंक. तो जड होतो, मान्य. पण १९०९ साली 'मनोरंजन'नं सुरू केलेली ही आपली चाल आहे, फराळ आणि अंक जोडीनं. यजमानांच्या चौकीत अंकाची शिवण उसवून पानं वाटून घ्यायचे. एकाला कथेचा शेवट आधी मिळायचा, तो दुसऱ्यांना छळायचा. राशिभविष्याचं पान मात्र सुभेदार साहेबांकडे.

माणसाला काय लागतं हे दुसऱ्यांनाही कळलं होतं, याचं एक उदाहरण मला फार आवडतं. १९१४ च्या नाताळात इंग्लंडची सतरा वर्षांची राजकन्या मेरी हिच्या नावानं निधी जमला आणि शिपायांना पितळी डब्या गेल्या. गोऱ्या शिपायांना त्यात तंबाखू, सिगारेटी. हिंदी शिपायांचं काय करायचं? तर त्यांना खडीसाखर आणि मसाल्याची डबी. पाणी वाहणाऱ्या भिश्तींनाही मसाल्याची डबी. राज्यकर्ते म्हणून त्यांना मी काही माफ करत नाही, पण ती मसाल्याची डबी ज्याच्या डोक्यातून निघाली त्याला जेवणाऱ्या माणसाची जाण होती.

ही जाण आज आपल्यातच कधी कधी दिसत नाही. दिवाळीला खोकीच्या खोकी निघतात, चांगलंच आहे. पण एका खोक्यात फराळापेक्षा पत्रकंच जास्त, आणि पत्रकावर देणाऱ्याचा हसरा फोटो. मुलगा म्हणाला, ती पत्रकं चूल पेटवायला कामी आली. तुमच्या ओळखीचं कुणी सैन्यात नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारा, काय पाठवावं, कुणाकडे द्यावं. ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाला छातीला कागदी ध्वज लावतो, तो निधी १९४९ पासून याच माणसांसाठी आहे.

शाळेतल्या पत्रांचंही तसंच. मी तीस वर्षं प्राथमिक शिक्षिका होते. फळ्यावर मजकूर लिहून दिला की चाळीस मुलं चाळीस सारखी पत्रं लिहितात. 'आदरणीय सैनिक दादा, तुमच्यामुळे आम्ही सुखाने झोपतो.' एका वर्षी मी फळा कोरा ठेवला. म्हटलं, या आठवड्यात तुमच्या घरी काय झालं ते लिहा. एकानं लिहिलं, 'आमची म्हैस व्याली, रेडी झाली, आजोबा म्हणतात नाव तू ठेव, मला सुचत नाही.' ती पत्रं मुलाच्या पत्त्यावर गेली. दीड महिन्यानं पोस्टकार्ड आलं, त्यावर तीन वेगवेगळ्या अक्षरांत तीन नावं. एक पंजाबी, एक तमिळ आणि एक मराठी. रेडीचं नाव शेवटी तमिळ पडलं. आजोबांना ते आयुष्यभर नीट म्हणता आलं नाही.

अजून एक राहिलं. लांबच्या डब्याची पावती ज्या घरात येते, त्या घरातली सूनबाई दिवाळीला एकटी रांगोळी काढत असते. तिच्याकडे फराळाचं ताट नेताना "काय, फोन आला का?" असं दारातूनच विचारू नका. आत जा, बसा, चहा मागा. मला हे फार थोड्यांनी केलं. ज्यांनी केलं त्यांची नावं मला पाठ आहेत.

आता चुरमुऱ्यांचं सांगून थांबते. चार-पाच वर्षांपूर्वी लाडू फुटू नयेत म्हणून डब्यातल्या फटींत कागदाऐवजी मी चुरमुरे भरले. हलके असतात आणि धक्का खातात. लाडू सुखरूप पोचले असतील म्हणून कौतुक ऐकायला फोन कानाला लावला. मुलगा म्हणतो, "आई, लाडू आहेत अजून. चुरमुरे संपले." कांदा कुठून तरी मिळाला होता. त्यावर लसणाची चटणी, चिवडा आणि कच्चं तेल घालून त्यानं परातभर भेळ केली. गढवाली, तमिळ, बिहारी, सगळे परातीभोवती. त्यातला एक जण आता दर दिवाळीला फोन हातात घेऊन मला मराठीत विचारतो. त्याला मराठीतलं तेवढंच वाक्य येतं.

"काकी, चुरमुरे किती?"

यंदा पाच किलो सांगितलेत. दुकानदार म्हणाला, एवढे कशाला? शेजारची वहिनी तिथंच उभी होती, तिनंच सांगितलं त्याला. नमस्कार.