फॉर्म भरून झाल्यावर कोण थांबतं?

नमस्कार श्रोतेहो.

पदवीच्या नव्या अभ्यासक्रमात आता समाजसहभागाला क्रेडिट, म्हणजे पदवीत धरले जाणारे गुणांक, मिळतात. म्हणजे यंदाही राज्यभर कॉलेजची मुलंमुली हातात फॉर्म घेऊन कुणाच्या ना कुणाच्या दारात उभी राहणार. घरात माणसं किती, शाळेत कोण जातं, कुणी सोडली, का सोडली? घरातली बाई हातातलं काम बाजूला ठेवून सगळं सांगते. पोरं उन्हातून आलीत म्हणून पाणी देते. मुलं निघून जातात. पुढच्या वर्षी नवी मुलं येतात, प्रश्न मात्र तेच.

त्या बाईच्या पदरात काय पडलं? तिच्या शाळा सोडलेल्या मुलाचं पुढे काय झालं? आज मला याविषयी बोलायचं आहे. विद्यापीठ आणि वस्ती एकत्र आली तर काय घडू शकतं, याचा मोठा अनुभव आपल्या मुंबईतच आहे.

१९२७ साली क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकन मिशनऱ्याने नागपाड्यात ‘नेबरहुड हाऊस’, म्हणजे वस्तीतल्या लोकांसाठीचं सेवाकेंद्र, सुरू केलं. आजूबाजूला दाटीवाटीची कामगार वस्ती होती. तिथल्या कामातूनच समाजकार्याचं रीतसर शिक्षण हवं, हा विचार पक्का झाला आणि १९३६ साली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क तिथेच सुरू झालं. आज आपण त्या संस्थेला टाटा सामाजिक विज्ञान संस्था, ‘टिस’, म्हणून ओळखतो. देवनारचा कॅम्पस पुष्कळ नंतरचा. आधी वस्ती होती, वर्ग मागून आला. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. संस्था सुरू झाल्यावर वर्षभरातच, १९३७ मध्ये, मुलांच्या वागणुकीच्या आणि मनाच्या अडचणींसाठी बालमार्गदर्शन केंद्रही उघडलं गेलं.

पण मला जास्त सांगायचंय ते १९८४ सालाबद्दल. त्या वर्षी टिस आणि मुंबई पोलीस यांनी मिळून पोलीस आयुक्तालयात स्त्रिया आणि मुलांसाठी विशेष कक्ष उघडला. प्रशिक्षित समाजकार्यकर्ती थेट पोलीस यंत्रणेत बसू लागली. का, तर घरात मार खाणारी बाई शेवटी जाते ती पोलिसांकडेच, आणि तिथे तक्रार लिहून घेण्यापलीकडे तिला बरंच काही हवं असतं.

असा एखादा कक्ष डोळ्यांपुढे आणा. टेबल, चार खुर्च्या, लोखंडी कपाट. समोर बाई बसली आहे, मांडीवर मूल झोपलंय. समाजकार्यकर्ती आधी तिला पाणी देते. मग विचारते, “ताई, आज रात्री कुठे राहणार?” सगळं ऐकते, लिहिते, लिहिलेलं वाचून दाखवते. मुलाचं दप्तर, शाळेचे कागद, बाईचे दागिने सासरी अडकलेत, ते आणायला सोबत पोलीस हवा का? नवऱ्याला बोलवायचं का? तेही तिच्या मर्जीने ठरतं. हे काम एका दिवसात आटोपत नाही. बाई परत येते, कधी महिन्याने, कधी वर्षाने. त्या वेळी खुर्चीत कुणीतरी असावंच लागतं. पुढे राज्य सरकारने ही कल्पना स्वीकारली आणि असे कक्ष जिल्ह्याजिल्ह्यांत उघडले. विद्यापीठाने एक गोष्ट उभी केली, टिकवून दाखवली आणि मग सरकारच्या हाती सोपवली.

दुसरं उदाहरण तुमच्या कानावर नक्की असेल. १०९८. जेरू बिलिमोरिया टिसमध्ये शिकवत होत्या. रेल्वे स्टेशनांवर राहणाऱ्या मुलांमध्ये त्यांची ऊठबस होती. रात्रीअपरात्री कुणाला लागलं, कुणाला ताप भरला, की मुलं त्यांना फोन करायची. त्यातून १९९६ साली मुंबईत चाइल्डलाइन, अडचणीतल्या मुलांसाठीची फोनसेवा, सुरू झाली. दस, नौ, आठ. अक्षरओळख नसलेल्या मुलालाही सहज पाठ होईल असा, पैसे न पडणारा नंबर. पुढे ती देशभर पसरली तेव्हा कितीतरी शहरांत समाजकार्य महाविद्यालयांनी समन्वयाची जबाबदारी उचलली.

या फोनवर कित्येकदा पलीकडून कुणी बोलतच नाही. नुसता श्वास ऐकू येतो, मागे गाडीची घोषणा. नवखा माणूस फोन ठेवून देईल. शिकलेला कार्यकर्ता ठेवत नाही. “मी आहे इथे, घाई नाही,” म्हणतो आणि थांबतो. मूल कधी तिसऱ्या फोनला नाव सांगतं. हे वर्गात शिकवता येतं, पण वर्गाला ते शिकवलं स्टेशनवरच्या मुलांनी.

२०२३ पासून ही सेवा टप्प्याटप्प्याने सरकारी यंत्रणेकडे गेली आणि ११२ या आपत्कालीन मदतीच्या नंबरशी जोडली गेली. सरकारने जबाबदारी घ्यावी हे योग्यच. मात्र फलाटावरच्या चहावाल्याला, हमालाला नावाने ओळखणारा कार्यकर्ता या बदलात हरवता कामा नये. अशा माणसांना अकरा महिन्यांच्या कंत्राटावर टांगून ठेवलं, तर मुलांनी पुन्हा पुन्हा नव्या चेहऱ्यावर विश्वास कसा टाकायचा?

म्हणून प्राचार्यांना आणि प्राध्यापकांना माझी कळकळीची विनंती आहे. दरवर्षी नवी वस्ती शोधू नका. एकच वस्ती किंवा एकच गाव पाच वर्षं धरा. विद्यार्थी बदलतील, पण एक शिक्षक तोच राहू द्या आणि त्याचं नाव, फोन नंबर अंगणवाडीच्या भिंतीवर लावा. गोळा केलेली माहिती परीक्षेआधी वस्तीत नेऊन वाचून दाखवा. शाळा सोडलेली दहा मुलं सापडली असतील, तर त्यातली किती परत वर्गात बसली, यावरही गुण द्या.

आणि श्रोतेहो, तुमच्या दारात विद्यार्थी आले तर त्यांना जरूर बसवा, माहिती द्या, आणि विचारा: “तुमची परीक्षा झाल्यावर आम्ही कुणाला फोन करायचा?” उत्तर नसेल तर त्यांच्या सरांना, मॅडमना बोलावून घ्या. तो तुमचा हक्क आहे. एखादं मूल अडचणीत दिसलं, तर १०९८ मोठ्या माणसांनीही लावायचा असतो. दिवसा, रात्री, कधीही. पैसे पडत नाहीत.

नमस्कार.