काट्यावरचा भाव आणि नगाचा भाव

नमस्कार, श्रोतेहो. नाशिकच्या भांडी बाजारात तांब्या-पितळेचं भांडं काट्यावर चढतं, मग त्याची किंमत ठरते. गिऱ्हाइकाने कितीही घासाघीस केली तरी पत्रा पातळ करून ती भरून काढायची सोय नसते. पत्रा पातळ झाला की वजन उतरलं, आणि ते सगळ्यांसमोर दिसतं.

स्टीलपाशी मात्र हाच काटा फसतो. ३०४ नंबरच्या स्टीलमध्ये साधारण ८ टक्के निकेल असतं. निकेल महाग. म्हणून २०० मालिकेतल्या स्टीलमध्ये ते कमी करून मँगनीज वाढवतात. वजन जवळपास तेवढंच, चकाकी तीच. लोहचुंबकही सहसा दोन्हींना चिकटत नाही. फरक कळतो तो चिंचेच्या सारात आणि खारवलेल्या कैऱ्यांत, डाग पडायला लागल्यावर.

आणि मिक्सर? तो तर बंद डबाच. मोटारीच्या वाइंडिंगला, म्हणजे आतल्या तारेच्या गुंडाळीला, तांब्याऐवजी अ‍ॅल्युमिनियमची तार घातली की खर्च झपकन उतरतो. पण अ‍ॅल्युमिनियम तांब्याच्या साधारण ६० टक्केच वीज वाहून नेतं. तेवढ्याच कामाला तार जाड हवी, त्यासाठी मोटार मोठी हवी. स्वस्त मिक्सरात तेवढी जागा दिलेली नसते. मग इडलीचं पीठ वाटताना मोटार तापते, वास येतो, आणि एक दिवस वाइंडिंग जळतं. दुरुस्तीवाला म्हणतो, ‘भरून देतो, पण त्यात थोडे घातले तर नवाच येईल.’ त्याचं चूक नाही.

गंमत बघा, निफाड-दिंडोरीकडचा द्राक्षबागाईतदार विहिरीवरची मोटार घेताना आधी विचारतो, ‘वाइंडिंग तांब्याचंच ना?’ व्होल्टेज कमी-जास्त झालं की काय होतं, हे त्याने भोगलेलं असतं. तोच माणूस घरच्या मिक्सरला विचारतो, ‘शेवटचं किती?’ कारखानदार हा प्रश्न नीट ऐकतो. दोनशे रुपये कमी करायचे तर झाकणाचा रंग तो बिघडवणार नाही. जिथे आपली नजर पोहोचत नाही, तिथूनच काढणार.

येवल्याला पैठणी घेणाऱ्या जाणत्या बायका पदर उलटा करून बघतात. हातमागाची असेल तर नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी स्वच्छ. यंत्रमागाच्या मालाला मागे बहुधा मोकळे धागे लोंबतात. पारखणारी नजर आहे, म्हणून हातमागाच्या मालाला तिथे अजून दाम मिळतो.

स्वस्त घेऊच नका, असं मी म्हणणार नाही. हातावर पोट असलेल्या घरात पाट्यावरचं वाटण सुटलं, ते या स्वस्त मिक्सरमुळेच. महाग म्हणजे टिकाऊ, हेही खरं नाही. पुष्कळदा पैसे जातात ते रंगाला आणि नावाला. म्हणून दुकानात भाव पाडायच्या आधी तीन गोष्टी विचारा. वाइंडिंग कशाचं? मोटारीची वॉरंटी वेगळी किती वर्षांची? आणि कपलर, बुश, भांड्याचं पातं असे झिजणारे भाग नाशिकमध्ये सुटे मिळतात का? उत्तरं बिलावर लिहून मागा. लिहून द्यायला दुकानदार का-कू करू लागला, तर पुढचं दुकान गाठा.