उत्तम शहर कोणाचे?

श्रोतेहो, नमस्कार.

जगातील राहण्यास सर्वोत्तम शहरांची यादी दरवर्षी प्रसिद्ध होते आणि पुढे काही आठवडे तिच्यावर वाद झडत राहतात. कोणाला आपल्या आवडत्या शहराचे नाव खाली गेल्याची खंत वाटते, तर कोणाला पहिल्या क्रमांकाचे शहर फारच संथ आणि नीरस वाटते. मला या वादाविषयी आस्था आहे, कारण शहर कसे असावे हा प्रश्न आपण कसे जगावे या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही. मात्र हा वाद बहुधा ज्या जागी सुरू होतो ती जागाच मला चुकीची वाटते, आणि आज त्याविषयीच बोलायचे आहे.

या याद्यांपैकी इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिट या संस्थेची यादी विशेष गाजते. ती १७३ शहरांना शंभरपैकी गुण देते. स्थैर्य व सुरक्षितता यांचा वाटा २५ टक्के, संस्कृती व पर्यावरण यांचाही २५, आरोग्यसेवा आणि पायाभूत सुविधा यांचा प्रत्येकी २०, आणि शिक्षणाचा १०. या मोजणीत २०११ ते २०१७ अशी सलग सात वर्षे मेलबर्न पहिले होते, त्यानंतर बहुतेक वर्षे व्हिएन्ना आणि २०२५ मध्ये कोपनहेगन. २०२१ साली मात्र ऑकलंड पहिले आले. साथीच्या काळात न्यूझीलंडने सीमा बंद ठेवल्यामुळे तिथल्या शाळा, नाट्यगृहे आणि उपाहारगृहे उघडी राहू शकली होती. दुसऱ्या वर्षी इतर शहरांतील निर्बंध उठले आणि ऑकलंड थेट ३४व्या क्रमांकावर गेले. समुद्र तोच, डोंगर तेच, रस्ते आणि माणसेही तीच. राहण्याचे सुख इतक्या वेगाने चढत-उतरत नसते, हे आपल्यापैकी प्रत्येकाला अनुभवाने ठाऊक आहे.

मग ही यादी मोजते तरी काय? तिचा मूळ हेतू पाहिला की उलगडा होतो. परदेशी बदली झालेल्या कर्मचाऱ्याला नव्या शहरातील गैरसोयींबद्दल कंपनीने किती जादा भत्ता द्यावा, हे ठरवण्यासाठी अशी गुणांकने वापरली जातात. ८० किंवा अधिक गुण असतील तर जादा भत्त्याची गरज नाही. ५० किंवा त्याहून कमी असतील तर पगाराच्या २० टक्के भत्ता सुचवला जातो. घरभाडे आणि महागाई यांचा या गुणांत विचार नाही. खर्चाची पाहणी ती संस्था वेगळी करते. बदलीवर आलेल्या माणसाचे भाडे बहुधा कंपनी भरते, म्हणून त्या हेतूपुरते हे योग्यही आहे. यात संस्थेचा दोष मला दिसत नाही, कारण तिने आपले काम उघडपणे सांगून केलेले आहे. चूक होते ती आपल्याकडून. चार वर्षांसाठी येणाऱ्या सुस्थितीतील पाहुण्यासाठी काढलेले उत्तर, आयुष्य काढणाऱ्या माणसाचे उत्तर म्हणून आपण वाचतो.

माझे एक स्नेही आहेत. नोकरीनिमित्त चार शहरांत राहिलेले, विचाराने स्पष्ट. त्यांच्याशी माझा या विषयावर अनेक वर्षांचा वाद आहे. त्यांचे म्हणणे असे की, माणसे बाग पाहून शहरात येत नाहीत, काम शोधत येतात. ज्या शहरात काम मिळते ते उत्तम, बाकीच्या गोष्टी पैसे असले की मिळवता येतात. या म्हणण्यात मोठे तथ्य आहे आणि ते मी नाकारत नाही. किंबहुना मी त्यात भर घालीन. शहर कामाबरोबर मोकळीकही देते. मध्ययुगीन जर्मन प्रदेशांत असा संकेत होता की, जमीनदाराच्या ताब्यातून निसटलेला भूदास एखाद्या शहरात एक वर्ष आणि एक दिवस राहिला, तर जुन्या मालकाला त्याच्यावर हक्क सांगता येत नसे. शहराची हवा माणसाला मुक्त करते, ही जर्मन म्हण त्या प्रथेवरून आली आहे. आजही जन्माने मिळालेली ओळख मागे ठेवून, कोणी नाव-गाव न विचारता, स्वतःच्या हुन्नरावर उभे राहता येणे हे शहराचे फार मोठे देणे आहे, आणि ज्यांना ते मिळाले आहे त्यांना त्याची किंमत सांगावी लागत नाही.

परंतु काम मिळाले आणि त्या कामाच्या पगारात तिथे राहायला घर मिळाले नाही, तर मिळालेली मोकळीक रोज दोन वेळच्या दीर्घ प्रवासात खर्च होते. शहर जितके चांगले होते तितकी तिथली घरे महाग होतात आणि ज्यांच्या श्रमावर ते चालते तेच बाहेर ढकलले जातात, ही आजच्या नामवंत शहरांची मोठी अडचण आहे. व्हिएन्नाने या प्रश्नाला शंभर वर्षांपूर्वी हात घातला. १९२३ साली तिथल्या पालिकेने घरबांधणीसाठी खास कर बसवला. लहान घरांवर तो अगदी हलका होता आणि आलिशान घरांवर चढत्या दराने जबर होता. १९३४ पर्यंत त्या शहराने ६० हजारांहून अधिक घरे बांधली. धुलाईघरे, बालवाड्या, वाचनालये आणि प्रशस्त अंगणे त्या वसाहतींतच होती. आजही व्हिएन्नातील सुमारे निम्मे लोक पालिकेच्या किंवा अनुदानित घरांत राहतात, आणि त्यांत मध्यमवर्गीयही मोठ्या संख्येने आहेत. यादीत हे शहर पुनःपुन्हा वर येते, पण त्यामागचे हे कारण मात्र यादीच्या रकान्यांत मावत नाही.

याच शहरातील दुसरी एक गोष्ट मला त्याहूनही महत्त्वाची वाटते. १९९९ साली तिथल्या नवव्या विभागातील रहिवाशांना पालिकेने एक साधी प्रश्नावली दिली होती: तुम्ही सार्वजनिक वाहतूक केव्हा आणि कशासाठी वापरता? बहुतेक पुरुषांनी ती पाच मिनिटांच्या आत भरून दिली, कारण सकाळी कामावर जाणे आणि संध्याकाळी परत येणे एवढेच त्यांना लिहायचे होते. स्त्रियांची उत्तरे मात्र संपेनात. मुलांना डॉक्टरकडे नेणे, मग शाळेत पोचवणे, मग कामावर जाणे, वाटेत खरेदी, वृद्ध आईकडे डोकावणे, आणि हे सारे कधी पायी, कधी बसने, कधी ट्रामने, पुष्कळदा हातात ओझे आणि बरोबर एखादे मूल घेऊन. एकाच घरातील दोन माणसे एकाच शहरात राहत होती, आणि तरीही त्यांची शहरे निरनिराळी होती. आजवरची आखणी पहिल्याच्या सरळ रेषेसाठी झालेली होती. पालिकेने ही उत्तरे मनावर घेतली. पदपथ रुंद झाले, दिवे वाढले, आणि एका गर्दीच्या चौकाजवळच्या मोठ्या जिन्याला बाबागाडी आणि चाकाची खुर्ची नेता येईल असा उतार जोडला गेला.

उद्यानांचेही तसेच झाले. १९९६-९७ मधील एका अभ्यासात असे दिसले की, वयाची नऊ वर्षे ओलांडली की सार्वजनिक उद्यानांतील मुलींची संख्या झपाट्याने घटते आणि मुलांची मात्र तेवढीच राहते. मुलींना खेळायचे नव्हते असे नाही; मोकळ्या मैदानावर जागेसाठी चढाओढ झाली की त्या माघार घेत. पाचव्या विभागातील दोन उद्यानांची रचना बदलून पाहिली गेली. मोठ्या मैदानाचे झाडाझुडपांनी लहान-लहान भाग केले, पायवाटा सुधारल्या, व्हॉलीबॉल आणि बॅडमिंटनची सोय केली, आणि निरनिराळे गट एकमेकांना न हुसकावता एकाच वेळी खेळू लागले. कोणालाही मनाई करावी लागली नाही. आधीच्या उद्यानालाही कोणत्याही यादीत ‘हिरवळ उपलब्ध’ म्हणून पूर्ण गुण मिळाले असते.

हवामान, संग्रहालये, विमानतळ यांविषयी मी फारसे बोलणार नाही. ती असावीत, त्यांनी शहराची शोभा वाढते. पण शेजाऱ्याशी चार शब्द बोलायला उभे राहता येते की नाही, यावर रोजच्या आयुष्याचा पोत त्यांच्यापेक्षा अधिक अवलंबून असतो. हे केवळ भावनेचे बोलणे नाही. डोनाल्ड ॲपलयार्ड या नगररचनाकाराने १९६०च्या दशकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोमधील तीन रस्त्यांचा अभ्यास केला. घरे साधारण सारखी, फरक फक्त वाहनांच्या संख्येत. ज्या रस्त्यावरून दिवसाला सुमारे २ हजार वाहने जात, तिथल्या रहिवाशाला त्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते. जिथून १६ हजार वाहने जात, तिथे सरासरी एकही भरत नव्हता. वर्दळीच्या रस्त्यावरील लोकांनी पुढच्या खोल्यांत बसणेही सोडले होते. रस्ता रुंद असेल आणि वाहतूक सुरळीत असेल, तर पायाभूत सुविधांच्या गुणांत असा रस्ता वरचढ ठरू शकतो. ॲपलयार्ड यांचा मृत्यू १९८२ साली अथेन्समध्ये भरधाव मोटारीच्या धडकेने झाला, हे सांगताना आजही मन विषण्ण होते.

माझ्या स्नेह्यांचे ‘बाकीचे पैशाने मिळवता येते’ हे म्हणणे मला मान्य होत नाही ते याच जागी. पैसा असलेल्या माणसाला मोठे घर घेता येते, उत्तम डॉक्टर बोलावता येतो. पण दाराबाहेरचा गजबजलेला आणि ओळखीचा रस्ता त्याला एकट्याने विकत घेता येत नाही. ज्याच्याजवळ पैसा नाही, त्याचे तर प्राणही त्या रस्त्यावर अवलंबून असू शकतात.

जुलै १९९५ मध्ये शिकागो शहरात उष्णतेची भयंकर लाट आली. पारा ४१ अंशांवर गेला आणि नेहमीच्या प्रमाणापेक्षा ७३९ माणसे अधिक दगावली. त्यांत एकटे राहणारे वृद्ध पुष्कळ होते. एरिक क्लिनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने नंतर शेजारशेजारच्या दोन वस्त्यांची तुलना केली: नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल. ऊन तेच होते, आणि गरीब, वृद्ध व एकटे राहणाऱ्या लोकांचे प्रमाणही दोन्हीकडे जवळपास सारखे होते. तरीही पहिल्या वस्तीत लाखामागे ४० मृत्यू झाले आणि दुसरीत लाखामागे ४. नॉर्थ लॉनडेलमधील कारखाने आणि दुकाने बंद पडली होती, लोक निघून गेले होते, ओसाड भूखंड आणि गुन्हेगारी यांच्या भीतीने म्हातारी माणसे दारे-खिडक्या लावून आत बसली होती. साउथ लॉनडेलमध्ये पदपथ माणसांनी भरलेले होते आणि दुकाने उघडी होती, त्यामुळे वृद्धांना घराबाहेर पडून जवळच्याच एखाद्या गार दुकानात बसावेसे वाटत होते, आणि कोणी दिसले नाही तर ते इतरांच्या ध्यानात येत होते.

म्हणून दोन शहरांतून एक निवडायची वेळ आली, तर मी पहिल्यांदा हे पाहीन की तिथले ऐंशी वर्षांचे एकटे माणूस दुपारी कोणाच्या आधाराशिवाय कुठवर जाऊन येऊ शकते, आणि दहा वर्षांची मुलगी शाळेत एकटी चालत जाते का. पगार, शाळांचा दर्जा, रुग्णालये हे सारे मी त्यानंतर पाहीन, कारण या दोघांना ज्या शहराने सांभाळले आहे त्याने बाकीच्यांचीही काळजी घेतली असण्याचा संभव अधिक असतो. माझ्या स्नेह्यांना हा क्रम अजून पटलेला नाही आणि आमचा वाद चालू आहे.

शिकागोने मात्र १९९५ पासून धडा घेतला. १९९९ साली पुन्हा तशीच लाट आली, तेव्हा पालिकेने वेळेवर इशारे दिले, गार केंद्रे उघडली, तिथवर मोफत बस सोडल्या, एकट्या वृद्धांना दूरध्वनी केले आणि त्यांच्या घरी पोलीस व कर्मचारी पाठवले. त्या वर्षी मृत्यूंचा आकडा ११० वर राहिला. तोही लहान नव्हे. आणि साउथ लॉनडेलमध्ये चार वर्षांपूर्वी जे काम वाहता रस्ता आपसूक करत होता, तेच यावेळी पोलिसांना दारोदार जाऊन करावे लागले होते.

नमस्कार.