गव्हर्नरचा जावई

नमस्कार श्रोतेहो. आपल्याकडे कुलवृत्तांत काढायला बसलं की पहिल्याच बैठकीत कुणीतरी म्हणतं, "आमचे मूळपुरुष मोठे सरदार होते हो!" अमेरिकेतल्या हाउलंड घराण्याचंही अगदी असंच झालं. त्यांचा मूळपुरुष जॉन हाउलंड हा गव्हर्नरचा जावई, असं ते पिढ्यानपिढ्या सांगत आले. मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथ गावी त्याच्या स्मृतिशिळेवरही तेच कोरलेलं होतं.

हा जॉन मूळचा इंग्लंडमधल्या फेन्स्टँटन गावचा. १६२० साली 'मेफ्लॉवर' जहाजातून १०२ प्रवासी अमेरिकेत वसाहत करायला निघाले, त्यांत तो जॉन कार्व्हर यांचा नोकर म्हणून होता. हेच कार्व्हर पुढे वसाहतीचे पहिले गव्हर्नर झाले. वाटेत वादळात जॉन डेकवर आला आणि थेट समुद्रात फेकला गेला. शिडाचा एक दोर पाण्यात लोंबत होता, तेवढा त्याच्या हाती लागला. पाण्याखाली गेला तरी त्यानं तो सोडला नाही. शेवटी आकड्यानं त्याला वर ओढून घेतलं. त्याला पुढे दहा मुलं झाली. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट (फ्रँकलिन बरं का, थिओडोर नव्हे) आणि बुश पितापुत्र हे त्याचेच वंशज. तो दोर हातून सुटला असता तर?

आता बायकोकडे येऊ. तिचं नाव एलिझाबेथ, आणि घराण्याच्या सांगण्याप्रमाणे ती या कार्व्हर यांचीच मुलगी. प्लिमथचे नंतरचे गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड यांनी जहाजातल्या माणसांची यादी आणि पुढे कुणाचं काय झालं, हे स्वतःच्या हातानं लिहून ठेवलं होतं. पण ते हस्तलिखित अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीत बॉस्टनमधून नाहीसं झालं. लिखित पुरावा डोळ्यांआड गेला आणि सांगोवांगी चालू राहिली. १८५५ मध्ये ते सापडलं कुठे, तर लंडनच्या बिशपांच्या ग्रंथालयात, फुलहॅमला! पुढच्याच वर्षी ते छापून निघालं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं : हाउलंडची बायको जॉन टिली यांची मुलगी. टिली पतिपत्नी पहिल्याच हिवाळ्यात वारले. त्या हिवाळ्यात निम्मे प्रवासी गेले. मागे राहिली ती तेरा वर्षांची पोर.

इंग्लंडमध्ये १५३८ पासून प्रत्येक चर्चला बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंदवही ठेवणं सक्तीचं होतं. बेडफर्डशरमधल्या हेन्लो गावच्या वहीत ऑगस्ट १६०७ मध्ये या एलिझाबेथच्या बाप्तिस्म्याची नोंद आहे. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वहीत पणजोबांचं नाव निघावं, तसंच हे. फरक इतकाच, की तिथे मुलीचीही नोंद आहे!

वंशावळ शोधणाऱ्याला आणखी दोन ठिकाणी ठेच लागते. एक, तारखा. १७५२ पर्यंत इंग्रजांचं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. आपलं पाडव्याला होतं, तेव्हा आपण त्यांना हसायला नको. म्हणून जॉनचा मृत्यू जुन्या कागदात फेब्रुवारी १६७२ मधला दिसतो, आणि आपल्या हिशेबानं ते साल १६७३ असतं. दुसरी ठेच आडनावाची. जॉनचे दोन भाऊ, हेन्री आणि आर्थर, मागाहून प्लिमथला आले. त्यामुळे आज कुणी हाउलंड भेटला, तर तो मेफ्लॉवरवाल्या जॉनचा वंशज असेलच असं नाही. मेफ्लॉवर वंशजांची संस्था १८९७ मध्ये निघाली, आणि तिला नुसतं आडनाव चालत नाही. प्रत्येक पिढीचा जन्म, लग्न, मृत्यू, सगळ्याचा पुरावा मागतात. कागद नसेल तर अर्ज परत.

आणि ती शिळा? ती बदलली. प्लिमथच्या टेकडीवर आज गेलात तर एलिझाबेथच्या नावापुढे वडील म्हणून जॉन टिलीच वाचायला मिळतील.